तुळशीरामने अडवलेली मालगाडी

तुळशीराम सोमकुवरला सौंसरला जायचं तर आधी सौंसरकडे पाठ करून चालावं लागायचं. सौंसर त्याच्या गावाच्या पुढे आणि स्टेशन गावाच्या मागे, लोधीखेड्याला. त्याचं गाव बेलढाना मधे, नॅरोगेजच्या छोट्या लाइनीला अगदी लागून. गाडी गेली की घरातल्या फळीवरची भांडी वाजत, इतकं लागून. पण गाडी तिथे थांबत नसे. म्हणून तो रोज उजाडताच निघे, संत्र्यांच्या बागांच्या कडेकडेने लोधीखेड्यापर्यंत चालत जाई, नागपूरकडून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसे आणि थोड्याच वेळात खिडकीतून स्वतःचंच घर बघत सौंसरकडे जाई. त्याची बायको शकुंतला तेव्हा अंगण झाडत असायची. ती खराटा वर करी, तो हात वर करी.

सौंसरला एका संत्रा व्यापाऱ्याच्या गोदामात तो कामाला होता. गोदामाची किल्ली त्याच्याकडे असे. तो पोचेपर्यंत पेट्या भरणाऱ्या बाया कुलपासमोर बसून राहत. सगळे त्याला एकच विचारत, की बाबा, तू सायकल का घेत नाहीस? त्याने एकदा शिकून पाहिली होती. सायकल सरळ विहिरीकडे गेली, तो कसाबसा काठावर राहिला आणि सायकल आत पडली. ती काढायला गावातली चार माणसं लागली. तेव्हापासून तो म्हणे, "आपलं अन् सायकलचं जमत नाई."

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो जेवणाचा डबा घरीच विसरला. शकुंतलाच्या ते ध्यानात आलं तेव्हा गाडीचा आवाज यायला लागला होता. ती डबा घेऊन लाइनीपाशी धावली. तुळशीरामने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले. तिने नेम धरून डबा फेकला आणि तो पुढच्या खिडकीतून आत गेला. तिथे रामाकोन्याचे एक नवे जावई पांढऱ्या टेरिलीनच्या शर्टात बसले होते. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी चालले होते बिचारे. वरण त्यांच्या गळ्यापासून कमरेपर्यंत आलं.

भांडण सौंसरपर्यंत पुरलं. शेवटी तुळशीरामने आपला शर्ट काढून जावयाला दिला आणि स्वतः बनियानवर गोदाम उघडलं. त्या दिवशी पेट्या भरताना बाया दिवसभर हसत होत्या. संध्याकाळी घरी आल्याबरोबर तो शकुंतलाला म्हणाला, "बस्स झालं. गाडी इथं थांबली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी श्रावणच्या चहाच्या दुकानात बैठक झाली. श्रावण हा तुळशीरामचा लहानपणचा मित्र. त्याचा आवाज मोठा असल्यामुळे गावात काही ठरवायचं असलं की तो बोलायचा.

"रेल रोको करा लागते," श्रावण म्हणाला. "दुसरा इलाज नाई."

"करू," तुळशीराम म्हणाला. "पन पॅसेंजर कशी रोकू? मी खुदच त्या गाडीत राहतो."

"अन् माही सासू येऊन राहिली या हप्त्यात पॅसेंजरनं," मागून कोणी तरी म्हणालं. "ते रस्त्यात अडकली तं मले जन्मभर आयकवन."

पॅसेंजरमध्ये कोणाची ना कोणाची सासू, मुलगी, व्याही असायचेच.  मग श्रावणने मांडीवर थाप मारली. "मालगाडी रोकू! मालगाडीत मीठ राहते, सिमेंट राहते. त्याईले उशीर झाला तं ते काई बोलत नाई."

सगळ्यांना ते पटलं. साखर घ्यायला आलेली शकुंतला दारात उभी होती. ती म्हणाली, "पन थांबा तं पॅसेंजरचा पाह्यजे ना? मालगाडी रोकून पॅसेंजर कशी थांबन?"

"वैनी," श्रावण म्हणाला, "आंदोलन असंच राहते."

दिवस रविवारचा ठरला, कारण तुळशीरामला सुट्टी असे आणि आंदोलनासाठी रजा मागायची त्याची हिंमत नव्हती. वेळ सकाळची, पॅसेंजर गेल्यावरची. जागा फाट्यावर. फाट्यावर म्हणजे जिथे बैलबंडीचा रस्ता लाइन ओलांडतो तिथे. बेलढान्याला असे रस्ते दोन होते, एक लोधीखेड्याच्या अंगाला, एक सौंसरच्या अंगाला, आणि दोन्हीला लोक फाटाच म्हणत. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी तुळशीराम धुतलेला सदरा घालून लोधीखेड्याकडच्या फाट्यावर जाऊन बसला. कोणीच नव्हतं. ऊन चढलं तरी कोणी आलं नाही. त्याला वाटलं, गाव घाबरलं. आधी राग आला, मग वाईट वाटलं, मग भूक लागली. परत जावं असंही मनात आलं, पण शकुंतलाने विचारलं असतं, काय झालं, आणि त्याला सांगायला काही नव्हतं. म्हणून तो बसून राहिला.

दुपार झाल्यावर मालगाडी आली. छोट्या लाइनीचं इंजिन तसं लहानच, पण रुळांच्या मधे उभं राहून बघितलं की लहान वाटत नाही. तुळशीरामने दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटले. शिटी वाजली, ब्रेक करकरले, डब्यांवर डबे आपटत गेले. त्याने डोळे उघडले तेव्हा इंजिन चार हातांवर उभं राहून वाफ सोडत होतं.

डोक्याला रुमाल बांधलेले ड्रायव्हर खिडकीतून वाकले. "काय झालं भाऊ? म्हैस हारपली का?"

"नाई. मी रेल रोकून राहिलो."

"रोकली," ड्रायव्हर म्हणाले. "आता?"

तुळशीरामने मागे वळून रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. गावाची सगळी तयारी गाडी थांबेपर्यंतची होती. पुढचं श्रावण बोलणार होता. काहीतरी करावं म्हणून त्याने मूठ वर केली आणि ओरडला, "बेलढान्याला थांबा!"

त्यावर 'मिळालाच पाहिजे' असं बाकीच्यांनी म्हणायचं होतं. बाकीचे नव्हते. आवाज बागेत जाऊन विरला. तुळशीरामने परत म्हटलं, "बेलढान्याला थांबा!" तेव्हा इंजिनातल्या फायरमनला दया आली. त्याचं नाव प्रकाश. तो फावड्यावर हनुवटी टेकवून म्हणाला, "मिळालाच पाहिजे."

"हे पाय भाऊ," ड्रायव्हर म्हणाले. त्यांचं नाव गुलाबराव, राहणार नागपूर. "थांबा द्याचं काम माहं नाई. ते साहेबाचं. अन् आज साहेब सौंसरले येऊन बसले आहे तपासनीले. त्याईले सांग."

"सौंसरले कसा जाऊ? आता संध्याकाळवरी गाडी नाई."

गुलाबरावांनी आपल्या इंजिनाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे काय बैलबंडी आहे?"

"मी तं हे गाडी रोकाले आलो. याच्यातच कसा बसू?"

"अरे, बाहेरून रोकशीन तं एकदाच रोकशीन. अंदर बसला तं केव्हा बी रोकता येते."

तुळशीरामने इंजिनाची दांडी धरली. तेवढ्यात शेवटच्या डब्यातून गार्ड देशकरसाहेब हातात झेंडी घेऊन, गाडी का थांबली हे विचारायला गाडीच्या कडेने चालत निघाले होते. ते अर्ध्या गाडीपर्यंत आले, तोवर तुळशीराम वर चढला होता. शिटी झाली, गाडी हलली आणि देशकरसाहेब उलटे पळत आपल्या डब्याकडे गेले.

इंजिनात बसल्यावर तुळशीरामला पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. भट्टीचं तोंड उघडलं की समोरून आग अंगावर येई आणि बंद झालं की सगळं काळं होई. पायाखालचा पत्रा नाचत होता. बोलायचं तर कानात ओरडावं लागे. प्रकाश कोळसा टाकायला वळला की तुळशीराम अंग चोरून कोपऱ्यात सरके, आणि कोपऱ्यात कोळसाच असे. त्याचा धुतलेला सदरा तिथेच गेला.

मग गुलाबरावांनी त्याला खिडकीपाशी बसवलं. तुळशीराम पाहतच राहिला. पॅसेंजरच्या खिडकीतून झाडं मागे जाताना दिसायची. इथून रूळ पुढून येत होते आणि सरळ त्याच्या पायाखाली शिरत होते. गावातली घरं, बागा, तारेवरचे पक्षी, सगळे जणू त्यालाच भेटायला निघाले होते.

"वाजवाची का?" गुलाबरावांनी शिटीची दोरी दाखवली.

त्याने हळूच ओढली. मग जोरात ओढली. मग सोडेचना.

"बस बस," गुलाबराव ओरडले, "वाफ संपून जाईन!"

पुढे लाइनीवर दोन बकऱ्या उभ्या होत्या. शिटी ऐकून त्या बाजूला झाल्या, पण तोवर गाडी मंद करावी लागली. "काय लोक आहे," तुळशीराम रागाने म्हणाला. "लाइनीवर जनावरं सोडते. गाडीचं काई वाटतच नाई कोनाले." प्रकाशने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तो कोळशाकडे वळला.

घर आलं. शकुंतला सूप घेऊन अंगणात तूर पाखडत होती. मालगाडीकडे ती कधी बघत नसे. पण शिटी काही थांबेना म्हणून तिने वर पाहिलं, आणि सूप हातातच राहिलं.

"अवो!" ती ओरडली. "तुमी तं गाडी रोकाले गेल्ते ना!"

"रोकली!" तुळशीराम ओरडला. "रोकूनच येऊन राहिलो!"

आणि तो पुढे गेला. शकुंतलाने सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि ती लाइनीच्या कडेने गाडीमागे चालू लागली. नवरा इंजिनातून जाताना दिसल्यावर घरात बसवत नाही.

गाव संपलं, वळण आलं आणि गुलाबरावांनी अचानक ब्रेक लावला. सौंसरकडच्या फाट्यावर रुळांच्या मधोमध सतरंजी अंथरलेली होती. सतरंजीवर श्रावण आणि अर्धं गाव सकाळपासून बसून होतं. मधे पाण्याचा माठ होता. एकाने डफडं आणलं होतं, दुसऱ्याकडे झेंडूचा हार होता, तो उन्हाने मलूल झाला होता.

"बेलढान्याला थांबा!" श्रावण गरजला.

"मिळालाच पाहिजे!" सगळे ओरडले.

इंजिनातून तुळशीरामही सवयीने ओरडला, "मिळालाच पाहिजे!" आणि मग भानावर येऊन खाली वाकला. "श्रावन्या, बाजूले हो बे! मी साहेबाले भेटाले जाऊन राहिलो!"

श्रावणने त्या काळ्या तोंडाकडे पाहिलं. "तू कोन?"

"मी तुळशीराम!"

"तुळशीराम आमचा नेता आहे. तो येतवरी आमी उठत नाई."

"अबे मीच तो!"

"आमचा तुळशीराम इंजनात बसनारा मानूस नाई," श्रावण म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. बोलणं खोटंही नव्हतं. काल सकाळी कोणी तुळशीरामला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

तेवढ्यात शकुंतला धापा टाकत पोचली. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "हे आमचेच आहे. कोनत्या बी रंगात वळखीन मी."

 लोक एकमेकांत कुजबुजले. हा गाडी रोकायला गेला, आणि आता इंजिनात बसून आपल्याला उठवतो आहे, म्हणजे काय समजायचं? श्रावणने विचार केला, आणि त्याला एकच उत्तर मिळालं. तो ताडकन उठला.

"धरलं त्याले! दबावात बोलून राहिला तो! तुळशीरामला सोडा!"

"सोडा! सोडा!" डफडं जोरात वाजायला लागलं.

"मी धरलंच कोठी?" गुलाबराव बाहेर डोकं काढून म्हणाले, पण कोणाला ऐकू गेलं नाही. तुळशीराम हात हलवून सांगत होता की मला कोणी धरलं नाही, मी माझ्या मर्जीने बसलो आहे, आणि तो जितका जास्त सांगे तितकं लोकांना ते दबावात वाटे. एका म्हाताऱ्या आजीने डोळ्यांना पदर लावला.

शेवटी गुलाबराव म्हणाले, "जा बाबा, उतर खाली. तुले सोडलं."

तुळशीराम उतरला. एकच जल्लोष झाला. हार त्याच्या गळ्यात पडला, दोघांनी त्याला खांद्यावर घेतलं, डफडेवाला नाचायला लागला. आंदोलन जिंकलं होतं. लोकांनी सतरंजी झटकली, गुंडाळली, माठ उचलला आणि लाइन मोकळी केली.

"अबे पन थांब्याचं काय?" खांद्यावरून तुळशीराम म्हणाला.

"आज तू सुटला, हेच लय झालं," श्रावण म्हणाला. 

एवढ्यात गार्ड देशकरसाहेब घामाने भिजून इंजिनापाशी पोचले. "काय झालं?"

"झालं साहेब," गुलाबराव म्हणाले. "रोकली होती. सोडली." आणि ते गाडी चालू करायला वर चढले. क्षणभराने त्यांचं डोकं परत बाहेर आलं. आता त्यावर हसू नव्हतं.

"गार्डसाहेब, पानी नाई."

पाणी त्यांनी मागच्या ठिकाणी घेतलं नव्हतं. सौंसरपर्यंत पुरेल असा त्यांचा अंदाज होता आणि तो चुकलाही नसता. पण दोनदा थांबणं आणि तुळशीरामच्या शिट्या त्यांनी अंदाजात धरल्या नव्हत्या. इंजिनाच्या टाकीत तळाला थोडंच पाणी उरलं होतं. असंच पुढे नेलं तर बॉयलर जाईल. आग काढून टाकावी तर इंजिन थंड होईल आणि गाडी इथेच उभी राहील. नागपूरहून दुसरं इंजिन येईपर्यंत.

"केव्हा येईन ते?" श्रावणने विचारलं.

"उद्या. नाई तं परवा."

"मंग तं थांबा भेटलाच!" डफडेवाला म्हणाला आणि दोघे-तिघे हसले. पण ज्याची सासू यायची होती तो हसला नाही. लाइन एकच होती. ही गाडी इथे उभी राहिली तर पॅसेंजर लोधीखेड्याच्या पुढे येणार नव्हती. सासू आजच्याच संध्याकाळच्या गाडीने येणार होती. हळूहळू एकेकाला आठवायला लागलं की आपलंही कोणीतरी त्या गाडीत आहे.

"हलवा लागते हे," श्रावण म्हणाला. आता त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"पानी तं पाह्यजे ना फक्त?" शकुंतला म्हणाली. "भगवंतरावच्या बागेतली विहीर काय दूर आहे?"

मग बेलढान्याने ते केलं जे त्या लाइनीवर कोणी केलं नसेल. विहिरीपासून इंजिनापर्यंत माणसांची रांग लागली. घागरी, बादल्या, पितळेचे गुंड, तेलाचे डबे, लग्नाच्या जेवणाचं मोठं पातेलं, जे हाती येईल ते भरून पुढे जाऊ लागलं. बागेचे मालक भगवंतराव आधी विहिरीवर आडवे उभे राहिले. संत्र्याला पाणी पुरत नाही, आणि तुम्ही रेल्वेला पाजता? मग गाडी निघण्याआधी आपण इंजिनात बसून पाहू शकतो का असं त्यांनी गुलाबरावांना विचारलं, गुलाबराव हो म्हणाले, आणि भगवंतराव स्वतः मोट हाकायला लागले. तुळशीराम टाकीवर चढून बसला होता. खालून घागर येई, तो ती टाकीच्या तोंडात ओती आणि रिकामी खाली फेकी. हार अजून गळ्यातच होता आणि भिजून काळा झाला होता. सकाळी जे लोक गाडी रोकायला म्हणून घरातून निघाले होते ते ऊन कलेपर्यंत गाडी चालावी म्हणून घाम गाळत होते, आणि कोणाला त्यात काही चुकतं आहे असं वाटलं नाही.

इंजिनाने परत वाफ धरली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भगवंतराव इंजिनात बसून शिटी वाजवून उतरले. तुळशीराम परत चढला, आणि या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. उलट श्रावणने खालून धक्का दिला.

सौंसर येईपर्यंत देशकरसाहेब आपल्या डब्यात एकच विचार करत होते की उशिराचं कारण काय सांगायचं. रेल रोको म्हणावं तर पोलीस येतील, चौकशी होईल, आणि मग नेता इंजिनात कसा आला हे विचारतील. म्हणून स्टेशनवर उतरल्याबरोबर त्यांनी मास्तरांना सांगितलं, "बेलढान्याला पाणी घेतलं. त्यात वेळ गेला."

तपासणीला आलेले साहेब तिथेच खुर्चीवर बसले होते. गोरे, जाडसर, हातात पंखा. ते नव्याने बदलून आले होते आणि या लाइनीवर पहिल्यांदाच फिरत होते. "बेलढान्याला पाणी मिळतं का?" त्यांनी विचारलं.

"मिळते साहेब," गुलाबराव म्हणाले. "गोड पानी आहे. इंजनाले लय मानवते."

"चांगलं आहे. मग तिथेच घेत जा. इथे सौंसरला फार खोळंबा होतो."

तेवढ्यात तुळशीराम पुढे झाला. नखशिखान्त काळा, गळ्यात काळा हार. त्याने हात जोडले. "साहेब, आमाले बेलढान्याचा थांबा पाह्यजे."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कुठले?"

"बेलढान्याचा."

"इथे कसे आलात?"

"या गाडीनं."

"बसलात कुठे?"

"बेलढान्याले."

"म्हणजे गाडी तिथे थांबली होती."

"थांबली होती साहेब, पन..."

"तिथे पाणी घेते, तिथे माणूस चढतो," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "मग थांबा आहेच की. जो आहे तो मी परत कसा देऊ?"

तुळशीरामने गुलाबरावांकडे पाहिलं, गुलाबरावांनी गार्डसाहेबांकडे, आणि गार्डसाहेबांनी आभाळाकडे. तुळशीरामला सांगायचं होतं की साहेब, ती मालगाडी आहे, आम्हाला पॅसेंजर पाहिजे, आणि ती थांबली कारण आम्हीच तिला रोकलं होतं. पण हे सांगितलं तर गुलाबरावांची नोकरी जाईल हे त्याला साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या प्रकाशच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो म्हणाला, "बराबर आहे साहेब," आणि नमस्कार करून बाहेर आला.

त्या दिवसापासून मालगाडी बेलढान्याला थांबायला लागली. साहेबांचा शब्दच होता. आठ-पंधरा दिवसांत रेल्वेने भगवंतरावांच्या विहिरीवर पंप बसवला आणि लाइनीपाशी टाकी उभी केली. भगवंतराव तिच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, "इंजन आपल्या घरचं पानी पेते." पॅसेंजर मात्र पहिल्यासारखी धडधडत निघून जाई. श्रावणने परत रेल रोकोचं नाव काढलं नाही. थांबा मिळाला असं त्याने गावात सांगितलं होतं, आणि गावानेही, मिळाला म्हणजे मिळाला, असं धरून घेतलं. दुपारच्या वेळी पोरं टाकीखाली आंघोळ करायला लागली.

तुळशीरामने काही दिवस मालगाडीने कामाला जाऊन पाहिलं. गुलाबराव नाही म्हणत नसत. पण मालगाडीचा काही नेम नसे. कधी ती सकाळी येई, कधी जेवणाच्या वेळी, आणि एकदा तो कुलूप उघडायला पोचला तेव्हा पेट्या भरणाऱ्या बाया घरी जायला निघाल्या होत्या. पुढे असणाऱ्या छायाबाई म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ, तुमी इंजन चालवा नाई तं गोदाम चालवा. दोनी होनार नाई." शेठनेही तेच सांगितलं, जरा वेगळ्या भाषेत. मग तो परत लोधीखेड्याला चालत जायला लागला.

पण रविवारी तो इंजिनात बसायचा. सौंसरला काही काम नसताना जायचा आणि परतीच्या मालगाडीने यायचा. गुलाबराव त्याला गाडीच्या गोष्टी सांगत, तो त्यांना बागेतली संत्री देई. शकुंतलाने एकदा विचारलं, "कायले जाता?"

"असंच."

"असंच कोनी इंजनात बसते का?"

 रूळ कसे समोरून येतात, आपण बसल्या जागी असतो आणि सगळं आपल्याकडे येतं, हे त्याने हातवारे करून दाखवायचा प्रयत्न केला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मले नेसान एक दिवस?"

पुढच्या रविवारी ती नवं लुगडं नेसून टाकीपाशी उभी होती. तुळशीरामने तिला सांगितलं की नवं नको, काळं होईल. ती म्हणाली, होऊ द्या. गुलाबरावांनी हात देऊन तिला वर घेतलं आणि आपली बसायची जागा तिला दिली. भट्टी उघडली तेव्हा ती मागे सरकली नाही. गाडी निघाली, बोगदा नाही की पूल नाही, साधाच रस्ता, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं आणि बागा. ती खिडकीच्या कठड्याला धरून समोर बघत राहिली. तुळशीराम तिच्या कानात ओरडून सांगत होता, हे पाय, ते पाय, आता वळण येते, आता नाला येते.

"चूप बसा ना जरा," शकुंतला म्हणाली. "पाहू द्या मले."

तो चूप बसला.